औषध लिहून झाल्यानंतर

साशंक : मधुमेह, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचे विकार अशा जन्मभराच्या दुखण्यांबद्दल बोलणं निघालं की हल्ली एक वाक्य हमखास येतं : डॉक्टर निदान करतात, औषध लिहितात, पण दुखणं घेऊन जगायला शिकवते ती परिचारिका. यात परिचारिकेचा गौरव आहे आणि तो तिला मिळायलाच हवा. तरी माझी शंका अशी, की या गौरवाने सोय नेमकी कुणाची होते? आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या माणसांना आयुष्यभर नीट सांभाळायचं तर डॉक्टर, प्रयोगशाळा, औषधांचा साठा, सगळंच आजच्या कितीतरी पट लागेल. ते उभं करण्यापेक्षा ‘तुमचं दुखणं तुम्हीच सांभाळायला शिका’ असं सांगणं यंत्रणेला स्वस्त पडतं. आणि घरी हे काम कुणाच्या अंगावर पडतं तेही बघा. पुरुषाला मधुमेह झाला की बायको त्याचं वेगळं शिजवते, गोळ्यांची आठवण ठेवते, रांगेत उभी राहते. तिलाच झाला तर ती सगळ्यांचं उरकून उरलंसुरलं खाते आणि तिची गोळी राहून जाते. म्हणजे रुग्णालयात अपुऱ्या मनुष्यबळात राबणारी एक बाई घरात बिनपगारी राबणाऱ्या दुसऱ्या बाईकडे काम सोपवते, आणि आपण त्याला रुग्णशिक्षण म्हणतो.

आग्रही : जबाबदारी ढकलली जाते हा आरोप मला पूर्ण मान्य आहे. पण काम शिकवलं नाही म्हणून ते रुग्णाच्या अंगावरून टळत नाही, ते न शिकता करावं लागतं एवढंच. इन्शुलिनचंच घ्या. आपल्याकडे इन्शुलिनची बाटली बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट ताकदीची असते, पेनमधलं इन्शुलिन १०० युनिटांचं. सिरिंजाही दोन तऱ्हेच्या मिळतात, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. ४० च्या बाटलीला चुकून केशरी टोपणाची सिरिंज मिळाली आणि रुग्णाने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिटं. उलट गफलत झाली तर २० च्या जागी ५० जातात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. केसपेपरवर दोन्ही वेळा ‘इन्शुलिन २० युनिट’ असंच लिहिलेलं असतं. किंवा टोचायच्या जागेचं बघा. पोटावर रोज एकाच ठिकाणी टोचलं की तिथे दुखणं कमी होतं, म्हणून माणूस तीच जागा धरून बसतो. कालांतराने त्वचेखाली गाठ येते. त्या गाठीतून इन्शुलिन नीट शोषलं जात नाही, साखर चढते, डॉक्टर मात्रा वाढवतात. मग कुणीतरी जागा बदलायला सांगतं आणि वाढवलेली मात्रा ताज्या जागी गेल्यावर साखर एकदम कोसळते. या साखळीत प्रत्येकाने आपापलं काम बरोबर केलेलं असतं. चूक सापडते ती सिरिंज हातात घेऊन बघणाऱ्या, पोटावरून बोटं फिरवणाऱ्या सिस्टरला. ती असली तर.

साशंक : तुम्ही सांगितलंत ते कौशल्य आहे, आणि कौशल्य शिकवायला चित्रांचा तक्ता किंवा मोबाइलवरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पुरतो. जगायला शिकवणं हा दावा याहून फार मोठा आहे. त्या दाव्याचा पुरावा मला कमजोर दिसतो. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये नुकतंच मधुमेहाचं निदान झालेल्यांसाठी ‘डेसमंड’ नावाचा कार्यक्रम तपासला गेला. प्रशिक्षित शिक्षकांनी सहा तास गटात बसवून शिकवलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेरीस या लोकांचं वजन थोडं जास्त घटलं, धूम्रपान कमी झालं, आपल्या आजाराची समज वाढली. पण एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, तिच्यात न शिकवलेल्या गटापेक्षा काही फरक पडला नाही. तीन वर्षांनीही पडला नाही. समज वाढली आणि साखर होती तिथेच राहिली. चांगल्या पगाराच्या, चांगल्या तयारीच्या देशात हे घडत असेल, तर आपल्याकडे ओपीडीच्या दारात उभं राहून दोन मिनिटांत दिलेल्या सल्ल्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

आग्रही : फारशी ठेवू नये. एकदा शिकवून सोडून दिलं की परिणाम ओसरतो, हे डेसमंडच्या आधीच दिसलेलं होतं. २००२ मध्ये अशा ३१ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला. शिक्षण संपतं त्या वेळी एचबीए१सी सरासरी ०.७६ टक्क्याने उतरलेलं होतं; एक ते तीन महिन्यांत हा फायदा ०.२६ वर आला. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. कोणत्या कार्यक्रमाचा परिणाम जास्त, हे बघताना निर्णायक ठरला तो शिक्षक आणि रुग्ण यांच्या प्रत्यक्ष संपर्काचा वेळ. एचबीए१सी एका टक्क्याने उतरवायला सरासरी २३.६ तासांचा संपर्क लागत होता. १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप १ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि साखर काटेकोर ठेवली तर डोळे-मूत्रपिंड वाचतात हे सिद्ध झालं. डोळ्यांच्या पडद्याचा विकार ज्यांना अजून नव्हता, त्यांच्यात तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते इन्शुलिनचं वेळापत्रक. ते वेळापत्रक चालतं ठेवायला दरमहा भेट, मध्ये वारंवार फोन, आणि परिचारिका, आहारतज्ज्ञ, डॉक्टर असा ताफा लागला होता, हे फार कमी जणांनी लक्षात ठेवलं. मला तर वाटतं, तो ताफा हा त्या औषधाचाच भाग होता.

साशंक : तो ताफा स्वतःहून चाचणीत नाव दिलेल्या, उत्साही रुग्णांसाठी होता. आणि त्याच चाचणीत साखर धोकादायक पातळीला उतरण्याचे प्रसंग काटेकोर गटात सुमारे तिप्पट झाले, हेही सांगायला हवं.

आग्रही : हवंच. आणि म्हणूनच मी तास म्हणतो तेव्हा व्याख्यानाचे तास म्हणत नाही. त्या तासांत होतं काय, ते बघू. समजा एक बाई संकष्टी धरते. सकाळी नेहमीची गोळी घेते, ग्लिमेपिराइडसारखी, जी पोटात अन्न असो-नसो साखर उतरवते. वर फक्त चहा. अकराच्या सुमाराला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. तिला वाटतं उपासाचा अशक्तपणा. मग दुपारी साबुदाण्याची खिचडी, जी जवळजवळ सगळी पिष्टमय. रात्री चंद्रोदयानंतर पोटभर जेवण आणि वर मोदक. दुसऱ्या दिवशी तपासणी असेल तर साखर वाढलेली दिसणार आणि गोळी वाढवली जाणार. पुढच्या संकष्टीला घाम जास्त. तक्त्यावर ‘गोड खाऊ नका’ लिहून यातलं काहीही थांबत नाही. थांबतं ते कुणीतरी तिच्या महिन्याचा अख्खा हिशेब विचारला तर : उपास कोणते, गोळी कधी, शेतावर किती वाजता, घरी शेवटी कोण जेवतं. या संवादात पहिल्यांदा शिकायचं असतं ते सिस्टरने. रुग्णाला आपल्या दिवसाची माहिती असते, सिस्टरला औषधाची. दोन्ही समोरासमोर मांडल्याशिवाय कुणालाच काही सुचत नाही. एकदा मांडून भागतही नाही, कारण दिवस बदलतो : मुलीचं लग्न निघतं, कापणी येते, नजर अधू होते, नवरा जातो. व्हिडिओला हे विचारता येत नाही.

साशंक : आणि ती बाई हे सगळं सिस्टरला खरं सांगेल असं तुम्ही धरून चालता. सरकारी दवाखान्यात आवाज कसा असतो ते आपण दोघेही जाणतो. ‘सांगितलं होतं ना तुम्हाला? ऐकत कसं नाही?’ साखर वाढली की चोरी उघडी पडल्यासारखं वातावरण होतं. लोक मग तपासणीआधी दोन दिवस भात सोडतात, रक्तातली साखर बरी येते, आणि एचबीए१सी केलंच तर पकडले जातात. ‘पकडले जातात’ हा शब्द माझा नाही, दवाखान्यातलाच आहे. दुखणं घेऊन जगायला शिकवण्याच्या नावाखाली आपण परिचारिकेच्या हाती छडी देतो. तिच्यावर रागवायला मी तयार नाही. तीस-चाळीस खाटांची पाळी एकटीने ओढणाऱ्या बाईला २३ तास कुठून मिळायचे? मधुमेहाच्या क्लिनिकमध्ये थोडी रुळली की तिची बदली बाळंतपणाच्या नाही तर हाडांच्या वॉर्डात होते. संपर्क म्हणजे ओळख, आणि आपल्याकडे ओळख होण्याआधी माणूस हलतो.

आग्रही : रागावण्याबद्दल आधी बोलतो, कारण मला तो वेळेच्या टंचाईपेक्षा खोल प्रश्न वाटतो. रुग्णाने आज्ञा पाळायची असते, असं एकदा गृहीत धरलं की न पाळणारा दोषी ठरतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा श्रीमंत देशांतही जेमतेम निम्मे रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेत होते. निम्मी माणसं बेफिकीर असतात, यावर माझा विश्वास बसत नाही. कुष्ठरोगाच्या इतिहासात याचं चांगलं उत्तर आहे. कुष्ठरुग्णांची बोटं झडतात, मांस आपोआप सडतं असा समज होता, आणि जखमा वाढल्या की रुग्ण निष्काळजी म्हणून बोलणी खायचे. वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदाने दाखवून दिलं की मूळ कारण संवेदना जाणं हे आहे. वेदना इशारा देत नाही म्हणून माणूस भाजतो, ठेचाळतो, त्याच जखमेवर चालत राहतो. वेदनेचं काम मग डोळ्यांनी करायचं : रोज संध्याकाळी तळपाय बघायचे, चपलेत खडा-खिळा नाही ना ते हाताने चाचपायचं, मऊ तळव्याची पादत्राणं वापरायची. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथे गेले, आणि कुष्ठरोगात शिकलेलं हे सगळं मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसाठी वापरात आलं. यात मला महत्त्वाचं दिसतं ते हे की दोषाच्या जागी काम आलं. काम वाटून घेता येतं, सोपं करता येतं, ते करून कंटाळा येतो हे बोलूनही दाखवता येतं. ज्युलिएट कॉर्बिन स्वतः परिचारिका होत्या. त्यांनी समाजशास्त्रज्ञ अॅन्सेल्म स्ट्रॉस यांच्याबरोबर १९८८ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात दीर्घ आजाराकडे असंच काम म्हणून पाहिलं आहे : आजाराचं काम, रोजच्या संसाराचं काम, आणि आता आपण कोण, पुढे काय, हे नव्याने बसवण्याचं काम. तिसऱ्या कामाला केसपेपरवर जागाच नसते, पण बहुतेक माणसं अडतात ती तिथे.

वेळेबद्दल थोडक्यात. डॉक्टरांऐवजी परिचारिकांनी प्राथमिक उपचार सांभाळले तर काय होतं, याचा १८ चाचण्यांचा आढावा २०१८ मध्ये आला. परिणाम तितकेच किंवा थोडे बरे, भेट जास्त वेळ चाललेली, रुग्ण जास्त समाधानी. बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगतो. पण आपल्याकडेही २०१७ च्या अखेरीला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. त्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे पहिल्या फळीत होते. रक्तदाब मोजणं, कार्ड ठेवणं, न आलेल्याचा माग काढणं, घराजवळच्या केंद्रात महिन्याच्या गोळ्या देणं, ही कामं परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांकडे आली. वेळ आकाशातून पडला नाही, कामाची वाटणी बदलली.

साशंक : रक्तदाबाच्या गोळ्या वाटण्याचं तंत्र मला पटतं. तिथे ठरावीक औषध, ठरावीक पायऱ्या. इन्शुलिनवर जगणाऱ्या माणसाकडे वळा, म्हणजे माझी खरी हरकत कळेल. भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या बाईचं दुपारचं जेवण कधी बाराला, कधी तीनला. तेवढ्या श्रमाने साखर उतरतेच, त्यात जेवण लांबलं की धोका. तुमची आदर्श सिस्टर तिला सगळं विचारते, तिचा दिवस समजून घेते, आणि तिला कळतं की या महिन्यात सकाळची मात्रा कमी करायला हवी. पुढे काय? मात्रा बदलायचा अधिकार तिला नाही. ती म्हणणार, तालुक्याला जाऊन डॉक्टरांना दाखवा. म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. बाई जाणार नाही. स्वतःच्या मनाने इन्शुलिन बंद करेल किंवा उपाशी घेईल. ब्रिटनमध्ये २००६ पासून पात्र परिचारिकांना जवळजवळ सगळी औषधं स्वतंत्रपणे लिहिता येतात. आपण मात्र परिचारिकेकडून डॉक्टरपेक्षा जास्त ऐकून घेण्याची अपेक्षा करतो आणि ऐकलेल्यावर काही करायची मुभा देत नाही. अधिकाराशिवाय ऐकणं शेवटी सांत्वनावर येऊन थांबतं. शिवाय घेतलेलं काम रुग्णाला झेपतं का, हा प्रश्न उरतोच. मे, माँटोरी आणि मेअर यांनी २००९ मध्ये आग्रहाने मांडलं होतं की उपचारांचं स्वतःचं ओझं असतं, आणि रुग्णाचं जगणं कमीत कमी विस्कटेल अशी वैद्यकी हवी. तुमच्या शिकवण्याने ओझं हलकं होतं की फक्त ते उचलायची सवय लागते?

आग्रही : अधिकाराच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे, एक भर घालून. नुसता अधिकार दिला आणि माणूस, प्रशिक्षण, अडल्या वेळी डॉक्टरांना लावायचा फोन दिला नाही, तर चुकीची मात्राही तिच्याच माथी मारली जाईल. सुरुवात लहान करता येईल : डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णासाठी आधीच हद्द लिहून ठेवायची, लावणी-कापणीच्या दिवसांत इतकी युनिटं कमी, उपासाला गोळी संध्याकाळी, आणि त्या हद्दीत सिस्टरने ठरवायचं. ओझ्याबद्दल म्हणाल तर, ते सगळ्यात आधी तिलाच दिसतं. बाटली कुठे ठेवायची, ही साधी गोष्ट. फ्रीज नसलेल्या घरात मातीच्या भांड्याभोवती ओलावा ठेवून इन्शुलिन ठेवतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं आणि भांडं चांगलं गार राहतं. कोकणच्या दमट हवेत तोच उपाय बराच लंगडा पडतो. हे ज्या सिस्टरला ठाऊक आहे, ती कोकणातल्या बाईला माठाचा सल्ला देऊन मोकळी होणार नाही, बाटली उपकेंद्राच्या फ्रीजमध्ये ठेवता येईल का ते बघेल. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था दीर्घ आजारांच्या रुग्णांचे गावोगाव गट चालवते. अशा गटात रुग्ण एकमेकांकडून ज्या युक्त्या उचलतात, त्या कुठल्याही पुस्तिकेत नसतात. ओझं कमी होण्याची शक्यता मला तिथे दिसते, आणि ती सवयीपेक्षा वेगळी आहे.

साशंक : मग शेवटची अडचण मांडते, आणि हिचं उत्तर मलाही सापडलेलं नाही. सगळं झालं. सिस्टर आहे, वेळ आहे, ओळख आहे, अधिकारही आहे. सत्तरीचे एक गृहस्थ सगळं ऐकून, समजून म्हणतात : मला सुया टोचून घ्यायच्या नाहीत. साखर जरा जास्त राहिली तरी चालेल, नातवंडांबरोबर सणाला जेवता आलं पाहिजे. वयस्कर, इतर दुखणी असलेल्या माणसांसाठी एचबीए१सीचं लक्ष्य सैल ठेवावं हे मार्गदर्शक तत्त्वांतही आहे, पण हे त्याही पलीकडे जातात. उपकेंद्राच्या नोंदवहीत ते ‘अनियंत्रित’ म्हणून चढतात. आणि उपकेंद्र सांभाळणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या मानधनाचा काही भाग कामगिरीच्या निर्देशांकांवर ठरतो. तुम्ही म्हणाल, हे गृहस्थ जगायला शिकले. मला भीती वाटते ती वेगळीच. गरिबाच्या नकाराचा मान राखणं आपल्याला फार पटकन जमतं. शहरातल्या सधन रुग्णाने नाही म्हटलं तर त्याचा मुलगा, फॅमिली डॉक्टर, खासगी मधुमेहतज्ज्ञ त्याला पुन्हा पुन्हा विचारतात. गावातल्या म्हाताऱ्याने नाही म्हटलं की ‘ऐकत नाहीत’ किंवा तुमच्या भाषेत ‘त्यांची निवड’. दोन्हीचा शेवट एकच, कुणी परत जात नाही.

आग्रही : हा फरक कागदावर करता येत नाही, हे मी मान्य करतो. नकारामागे काय आहे, हे पाहता येतं, तेही एका भेटीत नाही. ज्या बाईने फ्रीज नाही म्हणून इन्शुलिन नाकारलं, तिने निवड केली असं म्हणणं अन्याय आहे. तिला निवडायला काही दिलेलंच नव्हतं. त्या गृहस्थांना बारीक सुईचं पेन परवडत असतं, एकदा टोचून दाखवलं असतं, तरी ते नाहीच म्हणाले असते का? हे विचारून झाल्यावरही ते नाही म्हणाले, तर माझ्या मते सिस्टरचं काम संपत नाही. पाय बघायचे, डोळे तपासायला पाठवायचं, सणाच्या जेवणानंतर काय करायचं ते ठरवायचं, आणि सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, न रागावता. पण सहा महिन्यांनी तिथे तीच सिस्टर असेल का, हे मला सांगता येत नाही. आणि नोंदवहीत ‘अनियंत्रित’ऐवजी काय लिहावं, हेही.

साशंक : मी असते तुमच्या जागी, तर त्या नोंदवहीत आधी दुसराच रकाना मागितला असता. या रुग्णाने आपल्या दुखण्यासाठी वर्षभरात काय बदललं, हे आपण बारकाईने लिहितो. या रुग्णासाठी दवाखान्याने काय बदललं : ओपीडीची वेळ, गोळ्या किती दिवसांच्या दिल्या, बाटली कुठे ठेवू दिली, सिस्टरची बदली रोखली की नाही. तो रकाना भरायला लागला की मग मी ‘अनियंत्रित’ कुणाला म्हणायचं यावर तुमच्याशी बोलेन.

आग्रही : रकाना मला मान्य आहे. पण तो भरणार कोण? आज तरी तीच सिस्टर, तिच्याच पाळीत, तिच्याच वरिष्ठांविरुद्ध. ती तो कोरा ठेवेल, आणि त्या कोऱ्या जागेचा अर्थ आपण दोघं दोन वेगळ्या तऱ्हांनी लावू.